गालाचा रंग

कपाळ जमलं, नाक जमलं, पण गालापाशी येऊन तिचं घोडं अडलं.

चेहरा बाबांचा होता. आजवर तिनं शेजारीपाजारी, मैत्रिणी, बसथांब्यावर डुलक्या काढणारी माणसं, सगळ्यांची चित्रं काढली होती. घरातला हा एक चेहरा तेवढा राहून गेला होता, कारण तो कधी एका जागी ठरतच नसे. यंदा बाबा कारखान्यातून निवृत्त झाले आणि तिनं त्यांना खुर्चीत पकडून बसवलं.

"बाबा, हलू नका."

"हलतोय कुठे? श्वास घेतोय. तोही बंद करू का?"

"बोलूही नका."

"मग फोटोच काढ ना! गप्प बसलेल्या मला ओळखणार कोण?"

तेही खरंच होतं. बोलताना त्यांची डावी भुवई वर चढायची, आणि त्या भुवईसाठीच तर हा सगळा खटाटोप होता. बाबा कापड कारखान्याच्या रंगखात्यात शेड जुळवायचे. गिऱ्हाईक चिंधीएवढा नमुना पाठवायचं आणि बाबांनी तागेच्या तागे नेमक्या त्याच रंगात उतरवून द्यायचे. नमुना आणि कापड शेजारी धरल्यावर जरा फरक दिसला, की भुवई चढलीच. कामगार त्या भुवईला टरकून असत. लहानपणी तिला वाटायचं, बाबांच्या डोळ्यावर एक छोटंसं मांजर झोपलेलं आहे आणि कुणाचं काही चुकलं की ते पाठ वर काढतं.

तिची रंगवायची रीतही त्यांच्याच तालमीतली. बाकीचे चित्रकार आधी सगळा चेहरा ढोबळ रंगवून घेतात आणि मग हळूहळू बारकाव्यात शिरतात. ती चेहऱ्याचे तुकडे पाडायची. एका बैठकीला एक तुकडा घ्यायचा, त्याच दिवशी पुरा करायचा आणि परत त्याला हात लावायचा नाही. बाबांचं म्हणणं असे, की डोळ्यासमोर एकच रंग असेल तर तो खरं बोलतो, जास्त असले की तडजोडी करायला लागतो.

गालासाठी तिनं रंग मिसळला, बोथट सुरीच्या टोकावर घेतला, एक डोळा मिटला आणि सुरी हातभर लांब धरून बाबांच्या गालाशेजारी आणली. रंग बरोबर असला की सुरीचं टोक कातडीत विरघळल्यासारखं दिसेनासं होतं. कपाळाच्या वेळी झालं होतं तसं. आज टोक गुलाबी गुलाबी उठून दिसत होतं. तिनं पिवळा घातला, अजून घातला, आणखी थोडा घातला. अखेर टोक विरलं. तो रंग तिनं कॅनव्हासवर लावला, चार पावलं मागे गेली आणि कपाळाला आठ्या घालून उभी राहिली. कपाळ एका माणसाचं होतं, गाल दुसऱ्याच कुणाचा.

"आज माझा हात बिघडलाय बाबा. पिवळा फारच जातोय. तुमच्या गालाला माती फासल्यासारखं दिसतंय."

यावर बाबांनी काहीतरी टोला हाणायला हवा होता. त्यांनी तो हाणला नाही. खुर्चीच्या हातावर बोटांनी ताल धरला होता, तोही थांबला.

"दमली असशील," ते म्हणाले. "आज पुरे."

पुढच्या बैठकीला ती खोलीत आली तर खिडकीवर पडदा लागला होता. मधाच्या रंगाचा, जाडसर, कारखान्यातल्या कुठल्याशा उरलेल्या ताग्यातला. सगळी खोली मधात बुडवून काढल्यासारखी झाली होती.

"हे काय?"

"ऊन डोळ्यांवर येतं गं. म्हातारा माणूस मी."

त्या खिडकीतून ऊन कधी आत येत नसे. त्यासाठीच तर तिनं ही खोली निवडली होती. पण बाबा आपणहून स्वतःला म्हातारा म्हणाले, याचंच तिला इतकं वाईट वाटलं की पडद्याचा वाद तिनं घातला नाही. शिवाय त्या दिवशी काम कसं लोण्यासारखं झालं! हनुवटी पहिल्याच फटक्यात जमली. मग ओठ, मग गळा. सुरी धरली की विरलीच.

आत्या चहा घेऊन यायची आणि दारातूनच सुरू व्हायची. ती बाबांची थोरली बहीण. साठी उलटलेल्या भावाला ती अजून बारक्या म्हणायची.

"बारक्या, नीट बस. कुबड काढून बसलास तर कुबडासकट टांगेल ही तुला भिंतीवर."

"टांगू दे. भिंतीला तरी सोबत होईल."

"आणि ही बिस्किटं कालचीच आहेत ना? दोन बिस्किटं चावताना काय जीव जातो तुझा?"

"भूक नाही ताई."

"ह्याला भूक नाही! लहानपणी माझ्या ताटातलं पळवायचा, आणि आता भूक नाही."

बाबा हसले आणि बाही वर करून दंड खाजवायला लागले. हल्ली ते फार खाजवायचे. डास, म्हणायचे. ती म्हणायची, खाजवू नका, खांदा हलतो. नंतर हे आपलं वाक्य आठवलं की तिला तोंड लपवावंसं वाटे.

डोळे राहिले होते. "डोळे अगदी शेवटी घे, ठिपके," बाबांनी बजावून ठेवलं होतं. लहानपणी सतत अंगावर रंगाचे ठिपके घेऊन हिंडायची म्हणून ते तिला ठिपकी म्हणत. तिनं मान डोलावली होती. बाबा हल्ली बाहेर जाताना गडद काचांचा चष्मा लावत आणि घरात शिरल्यावर तो काढायला विसरत.

मैत्रिणीला अर्धवट चित्राचा फोटो पाठवायचा म्हणून एका सकाळी तिनं कॅनव्हास उचलला आणि गॅलरीत आणून भिंतीला टेकवला. बाबा आत अंघोळीला गेले होते. आकाश ढगाळ होतं, उजेड सगळीकडे सारखा पडलेला. तिनं फोन वर धरला आणि तसाच खाली आणला.

चेहरा भयंकर दिसत होता. कपाळ आणि नाक तांबूस, जिवंत. गाल पिवळा. पडद्यामागे रंगवलेले ओठ, हनुवटी आणि गळा मात्र राखाडी-निळे, बुडालेल्या माणसासारखे. तिच्या लक्षात आलं आणि आधी तिला हसूच फुटलं. मधाळ उजेडात निळा रंग डोळ्याला कळतच नाही. आपण निळा आंधळेपणानं ओतत गेलो, आणि सुरी विरघळली म्हणून खूश झालो. पहिल्या वर्षाची पोरंसुद्धा असली चूक करत नाहीत! बाबांना दाखवलं तर वर्षभर पिच्छा पुरवतील.

बाबांना दाखवलं तर.

हसू तिथंच विरलं. दिव्याच्या उजेडात रंगीत खडू निवडले म्हणून बाबांनी तिला किती फटकारलं होतं! रंगखात्यात तर दिव्याखाली शेड पाहणाऱ्या माणसाला ते दारातून परत पाठवायचे, जा म्हणायचे, अंगणात जा आणि मग मला सांग. रंगीत उजेडानं रंग कसा फसतो हे त्यांच्याइतकं पक्कं ठाऊक असलेला माणूस या गावात नव्हता. आणि त्यांनी स्वतःच्या हातानं चित्रकाराच्या खिडकीवर मधाच्या रंगाचा पडदा लावला.

असं कोण करेल? ज्याला एखादा रंग दिसू द्यायचा नाही, तो.

पण ती घाईनं निष्कर्ष काढणाऱ्यातली नव्हती. तिनं त्याच ट्यूबा, तीच सुरी घेतली, कपाळाचा रंग नव्यानं मिसळला आणि चित्रातल्या कपाळाशी ताडला. तंतोतंत. मग स्वतःच्या मनगटाचा रंग मिसळून मनगटाशी ताडला. सुरी विरली. म्हणजे रंग ठीक होते, डोळा ठीक होता. पडदा लागण्याआधी, स्वच्छ उजेडात रंगवलेला तो पिवळा गालही ठीक होता. एकच गोष्ट पाहायची राहिली. कातडी उन्हानं रापते, वयानं फिकी पडते, तिच्यावर भरवसा नाही. डोळ्यातल्या पांढऱ्याला मात्र पिवळं व्हायला एकच कारण असतं.

सरळ विचारलं असतं तर बाबांनी विषय कुठल्या कुठे नेला असता. म्हणून तिनं एका पुठ्ठ्यावर निळ्या रंगाचे दोन पट्टे शेजारी शेजारी ओढले आणि पडद्यामागच्या खोलीत त्यांच्यापुढे धरले.

"बाबा, या दोन पट्ट्यांत फरक आहे का? माझी अक्कल चालेना."

बाबांनी पुठ्ठा घेतला. जवळ नेला, लांब नेला. तिरका केला. त्यांची चुळबुळ सुरू झाली. आयुष्यभर ज्याच्या डोळ्यावर कारखाना चालला त्याला "कळत नाही" म्हणणं जिवावर येणारं होतं.

"इथं काय दिसणार, कप्पाळ?" ते पुटपुटले आणि उठले. सवयीनं तरातरा गॅलरीत गेले, कठड्याशी उभे राहिले आणि चष्मा काढून डोक्यावर चढवला.

ती त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. बाबा पुठ्ठ्याकडे बघत होते. ती त्यांच्या डोळ्यांकडे.

बुबुळाभोवतीचं पांढरं आता पांढरं नव्हतं. ते लिंबाच्या सालीसारखं झालं होतं, कोपऱ्यात जास्त गडद.

"काही फरक नाही," बाबा म्हणाले. "एकाच ढिगातले दोन पट्टे आहेत हे. माझी परीक्षा घेतेस होय गं..." आणि त्यांनी वर पाहिलं. "तू पुठ्ठ्याकडे बघतच नाहीयेस."

चष्मा खाली ओढायला त्यांचा हात निम्म्यावर गेला आणि परत खाली आला.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"काय कधीपासून?"

"बाबा."

खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, दुसरं कुणी "येऊ दे, येऊ दे" ओरडत होतं. बाबा ते सगळं होईपर्यंत तिकडेच बघत राहिले.

"दाढी करताना आरशात वाटलं होतं. म्हटलं, आरसा जुना झालाय. मग तू त्या दिवशी म्हणालीस, पिवळा फार जातोय. तुझा डोळा मी तयार केलाय. तो चुकत नाही हे मला माहीत होतं."

"आणि तुम्ही पडदा लावलात."

"चित्र तरी नीट होऊ दे म्हटलं. एका तरी जागी मी धडधाकट राहीन."

"दुखतंय का कुठे?"

"नाही ना! हेच तर." त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "आमच्या खात्यात एक जण होता. असाच पिवळा पडला. काही दुखत नव्हतं, हसतखेळत कामाला यायचा. रजेचा अर्ज मंजूर व्हायच्या आत गेला. दवाखान्यात गेलं की ते लोक रोगाचं नाव सांगतात, ठिपके. आत्ता नुसता रंग आहे. रंगाशी मी जन्मभर झगडलोय. त्या नावाशी कसं झगडायचं, मला येत नाही."

तिला ओरडायचं होतं. ओरडण्याऐवजी तिनं त्यांच्या हातातला पुठ्ठा काढून घेतला.

"चित्र बंद," ती म्हणाली. "आत्ता चप्पल घाला."

"डोळे तेवढेच राहिलेत गं. चार दिवसांचं काम. मग जाऊ, तू म्हणशील तिथं जाऊ."

"मी ब्रश धरणार नाही. बिनडोळ्यांचे राहाल."

"ब्लॅकमेल करतेस?"

"हो."

भुवई चढली नाही. ती चढली असती तर तिला जरा धीर आला असता.

आत्याला काही सांगायचं नाही असं ठरलं, आणि जिना उतरेपर्यंत टिकलं. आत्या खालून भाजी घेऊन वर येत होती. तिनं दोघांची तोंडं पाहिली, पिशवी तिथंच पायरीवर ठेवली आणि म्हणाली, "चला."

"अगं ताई, सहज फिरायला चाललोय."

"मग मीही सहजच येते."

डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत खुर्च्या ओळीनं मांडलेल्या होत्या. ती बसलेल्या प्रत्येकाच्या डोळ्यांतलं पांढरं पाहत होती. एका बाईचं निळसर, एका म्हाताऱ्याचं लालसर. पिवळं कुणाचंच नव्हतं. ती परत पहिल्यापासून पाहायला लागली, जणू कुणीतरी पिवळा सापडला तर बाबांवरचं निम्मं ओझं त्याच्याकडे जाणार होतं. रात्रभर फोनवर वाचत बसायची तिची सवय, पण आज तिनं फोन पर्समधून बाहेर काढला नव्हता. न दुखणारी कावीळ म्हणजे काय काय असू शकतं, हे तिला कॉलेजातल्या जीवशास्त्रापुरतं माहीत होतं, आणि तेवढं पुष्कळ होतं.

आतमध्ये डॉक्टरीणबाईंनी बाबांची पापणी अंगठ्यानं खाली ओढली. क्षणभरच. मग पोट दाबून पाहिलं.

"हे पिवळेपण कधीपासून?"

"तीन-चार दिवस," बाबा म्हणाले. सहज, हसून, रजेचा अर्ज देताना साहेबाशी बोलावं तसं.

ती मध्ये बोलली असती तर त्यांनी आणखी एखादी थाप मारून तिला खोटं पाडलं असतं, हे ती ओळखून होती. ती नुसती त्यांच्याकडे पाहत राहिली, चित्र काढताना पाहायची तशी, डोळा न हलवता. बाबांना ती नजर पाठ होती. त्यांनी खिडकीकडे पाहिलं, वजनकाट्याकडे पाहिलं. पाहायला आणखी काही उरलं नाही.

"तीन-चार आठवडे," ते म्हणाले. "जास्तच. खाज सुटते. लघवी चहासारखी होते. जेवण जात नाही."

"ताप?"

"नाही." मग खूप उशिरानं, "आला होता. परवा आणि त्याच्या आधी एकदा. हुडहुडी भरून. पांघरूण घेऊन पडलो, कुणाला सांगितलं नाही."

आत्या भिंतीला टेकली. डॉक्टरीणबाईंचा हात लिहिता लिहिता थांबला होता.

"ताप आला, हे सांगितलंत ते फार बरं केलंत," त्या म्हणाल्या. "नाहीतर मी तुम्हाला तपासण्या लिहून घरी सोडलं असतं. थंडी वाजून ताप म्हणजे आत पित्त तुंबून सडायला लागलंय. आता घरी जायचं नाही. इथूनच दाखल व्हायचं."

सोनोग्राफीच्या खोलीच्या दारात नर्सनं तिला अडवलं. नातेवाईक बाहेर. ती थांबली. बाबा शर्टाची बटणं काढत आत गेले, अर्ध्यात वळले.

"तिला आत येऊ द्या," ते नर्सला म्हणाले. "ती नीट बघते."

खोलीत अंधार होता. पडद्यावर नुसतं करडं, काळं आणि पांढरं. रंग कुठंच नव्हता. बाबा मान वळवून ते पाहायची धडपड करत होते आणि तिथले डॉक्टर त्यांना सरळ पडा म्हणत होते.

"काळं आहे ते काय?"

"पित्ताची नळी. एवढी रुंद असायला नको. फुगलीय."

"आणि तो पांढरा ठिपका?"

डॉक्टरांनी यंत्र जरा फिरवलं, परत मागे आणलं. ठिपक्याच्या खाली काळी सावली पडली होती, सरळ, पट्टीनं ओढल्यासारखी.

"खडा दिसतोय. नळीच्या तोंडाशी बसलाय."

"खडाच ना?" तिनं विचारलं. "दुसरं काही?"

"खडा नक्की आहे. त्याच्या मागचं इथून दिसत नाही. उद्या तोंडातून नळी घालून तो काढतील, तेव्हा पलीकडचं कळेल."

बाबा छताकडे पाहत पडून राहिले. पोटावर लावलेला चिकट थर त्यांनी स्वतःच पुसायला घेतला, पण हात भलतीकडेच जात होता. तिनं कागद घेऊन पुसलं.

आत्या बाहेर उभीच होती. "काय निघालं?"

तिनं तोंड उघडलं, पण बाबांनी तिच्या आधी बोलायला सुरुवात केली. खडा आहे म्हणाले. उद्या काढणार. त्याच्यामागे आणखी काही आहे का ते आज कुणालाच माहीत नाही. यातलं काहीही त्यांनी गोड करून सांगितलं नाही.

"गाढवा," आत्या म्हणाली. "महिनाभर? माझ्या डोळ्यांदेखत? बिस्किटं परत करत होतास ती यापायी?" तिनं त्यांच्या शर्टाचं चुकीच्या काजात गेलेलं बटण काढलं आणि बरोबर काजात घातलं.

"ताई, मला भीती वाटतेय गं."

"मग वाटू दे की! आम्हाला काय बरं वाटतंय होय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना चाकांच्या खाटेवरून नेताना ती एका बाजूनं चालली होती, आत्या दुसऱ्या. सलाईन लावलेल्या हातानं बाबांनी तिचं बोट धरलं होतं. लांबच लांब बोळ, दोन्हीकडे उंच खिडक्या, आणि बाहेर लख्ख उजाडलेलं. त्यांचा चेहरा आता कुणालाही दिसेल इतका पिवळा होता. समोरून येणारी माणसं पाहत आणि नजर काढून घेत. बाबांनी तोंड फिरवलं नाही.

शेवटच्या दारापाशी नर्सनं हात आडवा केला. "इथपर्यंतच."

"किती वेळ लागेल?" आत्यानं विचारलं.

"ते आत गेल्यावर कळेल."

बाबांनी बोट सोडलं. दार उघडलं, खाट आत गेली, दार परत येऊन बसलं. त्याच्या वरच्या भागात एक काच होती. ती टाचा उंचावून उभी राहिली. आधी खाटेची चाकं दिसली, मग हिरवे कपडे घातलेल्या पाठी, आणि त्या पाठींच्या मधून, उशीवर, त्यांचं तोंड. ते दाराकडेच वळलेलं होतं.

"दिसतोय का?" आत्यानं तिचा दंड घट्ट धरून विचारलं.

"दिसतायत," ती म्हणाली, आणि टाचांना कळ लागली तरी खाली आली नाही.